पाठीचं माप

सानगडी
१८ नोव्हेंबर २००३

मोनिका, तुले, जावईबापूले अन् तुझ्या सासूले, दुर्गाबाईले, खुशाली विचारते.

हे पत्र एकटी असशील तवा वाच. वाईट खबर नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. मी लग्न करून राहिली आहे.

पत्रासंग जे पुडकं आहे त्यात कोशाचं रेशमी कापड आहे. रंगवलेलं नाही, कोशाचा आपलाच रंग आहे तो, मोहफूल वाळताना पिवळं होते तसा. त्याचा ब्लाउज शिवायचा आहे. माझा, लग्नातला.

त्याइचं नाव घनश्याम. पवनीचे, आपल्याच समाजातले. घरी दोन माग आहेत. तू त्याइले पाहिलं आहेस. मी बाजारात लाखोरीची दाळ अन् पोहे घेऊन बसते, तिथंच बाजूले ते लुगडी अन् पंचे मांडतात. तू लहान होतीस तवा त्याइच्या पंच्यांच्या गठ्ठ्यावर झोपून जात होतीस. त्याइची बायको वारून आठ वर्षं झाली. लेकरू नाही.

तुझ्या बाबाले जाऊन सहा वर्षं झाली, हे मले माहीत आहे. माझं वय अठ्ठेचाळीस, तेही माहीत आहे. तू लिहायच्या आधी मीच लिहिते.

भंडाऱ्याले येऊन माप दिलं असतं. पण तू टेप घेऊन समोर उभी राहशील, तुझं तोंड माझ्या तोंडाजवळ येईल, अन् मी कुठं पाहीन? गावातल्या शिंप्याकडे गेली तर दुपारपर्यंत गावभर होईल. म्हणून माझं माप मीच घ्यायचं ठरवलं. कसं घ्यायचं ते लिहून पाठव. जुन्या ब्लाउजवरून शिवू नको. ते आता दुसऱ्या बाईचे वाटतात.

लग्न वसंत पंचमीले आहे, पवनीले, नदीवरच्या देवळात. आपल्यात विधवेचा पाट लावतात तो दिवे लागल्यावर, दार लोटून, चार माणसांत. मले तसं नको. दिवसा करायचं आहे.

राग आला तर माझ्यावर काढ, कापडावर काढू नको. त्याइनं हातानं विणलं आहे.

तुझी आई
कुंता

*

भंडारा
२४ नोव्हेंबर २००३

ती. आईस नमस्कार.

कापड मिळालं. पुरेल. आतून अस्तर लावावं लागेल, कोसा शिवणीत सरकतो.

माप असं घे. अंगावर पातळ ब्लाउज असू दे, जाड नको. छातीचं माप घेताना टेप काखेखालून सरळ फिरव, मागे खाली घसरू देऊ नको. टेपच्या आत दोन बोटं गेली पाहिजेत. दम रोखू नको, बाया नेहमी रोखतात. मग छातीच्या खाली, जिथं ब्लाउज संपतो तिथं. खांदा एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत. बाही किती लांब हवी ते सांग आणि तिथला दंडाचा घेर सांग. दोन्ही दंड मोज, सारखे नसतात. उंची खांद्यापासून खाली. पाठीचं माप एकटीला घेता येत नाही, त्याला दुसरं माणूस लागतं. कोणाला तरी बोलाव.

दुकानात येणाऱ्या बायांना मी हेच सांगते.

घरात मी अजून काही बोलले नाही. अंकुशला काय सांगू? आणि सासूबाईंना? त्यांचा नवरा गेला तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि अंकुश मांडीवर होता. सगळं आयुष्य त्यांनी तसंच काढलं. त्यांच्यासमोर उभं राहून 'माझी आई लग्न करते' असं मी कसं म्हणू?

तू बाकी जे लिहिलं आहेस त्यावर मला आत्ता काही लिहायचं नाही. सोबत टेप पाठवते आहे.

मोनिका

*

सानगडी
२ डिसेंबर २००३

मोनिका, टेप भेटली.

सगळा गाव खळ्यावर होता. मी भरदुपारी दार लावलं. आपल्या कौलात काच बसवली आहे ना, तिच्यातून उन्हाचा एक पट्टा खाली येतो. त्यात धानाच्या तणसाचं कूस उडत होतं. मी त्या पट्ट्यात उभी राहिली.

ऐना हातभरच आहे, तुले माहीत आहे. तोंड पाहावं तर खांदा नाही, खांदा पाहावा तर कंबर नाही. मी ऐना खुंटीवरून काढला, फळीवर ठेवला, मंग खाटेवर ठेवला. जशी दिसली तशी तुकड्यातुकड्यात पाहिली. आतापर्यंत मी धान मोजलं, दाळ मोजली, तुझी उंची दाराच्या चौकटीवर खूण करून मोजली. आपल्याले कधी मोजलं नव्हतं. टेप आंगाले लागली तवा थंडगार लागली. कोणाचा तरी हात असावा तशी. मले लाज आली, एकटीच होती तरी.

उजवा दंड डाव्याहून जाड निघाला. विळ्याचा हात तो. डाव्या कुशीवर तू झोपायचीस, तिथं आता नुसतं हाड लागते. गळ्याखाली एक तीळ आहे. तो तिथं आहे हे मी विसरूनच गेली होती.

कमरेशी टेप धरून जरा खाटेवर टेकली, तर डोळा लागला. सपन पडलं. मी तलावात उतरून राहिली होती. पाणी आधी घोट्याले लागलं, मंग गुडघ्याले, मंग कमरेले, अन् जिथं जिथं लागे तिथं थांबून आकडा सांगे. बाईच्या आवाजात, हळू. भेव वाटत नव्हतं. पाण्यात धाग्यांसारखं काही होतं, पिवळं, माझ्या आंगाभोवती फिरून पलीकडच्या काठाले जात होतं. तिकडे कोणीतरी ते ओढून राहिलं होतं, सावकाश, तुटू न देता. गळ्यापर्यंत पाणी आलं तवा कोंबडी खाटेवर चढली अन् मी जागी झाली. टेप मुठीतच होती. जाग आल्यावरही मी कितीतरी वेळ तशीच पडून राहिली.

आकडे जागेपणी घेतलेले आहेत, काळजी करू नको. छाती बत्तीस. खाली सव्वीस. खांदा साडेतेरा. उंची चौदा. बाही कोपराच्या दोन बोटं वर. दंड उजवा साडेनऊ, डावा नऊ. गळा तुले वाटेल तो.

पाठीच्या जागी काही लिहिलं नाही. माझा हात तिथं पुरत नाही. शेजारणीले बोलावलं असतं, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आई

*

भंडारा
९ डिसेंबर २००३

ती. आईस,

माप चुकलं आहे. पुन्हा घे.

बाबा होते तेव्हा तुझी छाती छत्तीस होती. दोन वर्षांमागं दिवाळीला मी शिवला तो ब्लाउज पस्तीसचा होता. बत्तीस येणारच नाही. तू दम रोखला असशील, नाही तर टेप आवळून धरली असशील. साडेनऊचा दंड माझ्या दुकानात कॉलेजच्या मुलींचा असतो.

आणि चुकलं नसेल तर मला खरं सांग. आजारी आहेस का? म्हणून हे करून राहिलीस का? म्हातारपणी बघायला कोणी पाहिजे म्हणून? मंग मी मेली काय? मी तुझी सेवा केली नसती काय? इथं आणून ठेवलं नसतं काय? तू कधी तोंडानं म्हटलं का मले?

लिहायचं नाही ठरवलं होतं, पण लिहिते. त्या घरात बाबांचा फोटो कुठं ठेवशील? की सानगडीच्या घराला कुलूप लावून त्यांना आत ठेवून जाशील?

मोनिका

*

सानगडी
१५ डिसेंबर २००३

मोनिका, माझी बाई,

माप चुकलं नाही. पुन्हा घेतलं. तेच आलं.

आजार नाही. साकोलीले डॉक्टरनं तपासलं, काही निघालं नाही. त्यानं विचारलं, 'काय जेवता?' मी सांगतलं, 'भात.' एकटीसाठी भाजी कोणी चिरावी? सकाळी भात शिजवावा, संध्याकाळी त्यातच पाणी घालून प्यावं. काही दिवशी तेही नाही. दुःख म्हणून नाही. विसरून जात होती. तू यायची तवा मी वडे तळायची, तुझ्यासंग बसून खायची, पदर आवळून घ्यायची, म्हणून तुले दिसलं नाही. तुझा दोष नाही त्यात.

दिसलं ते त्याइले. एका बाजाराच्या दिवशी मी दाळ मोजून राहिली होती तर म्हणाले, "बाई, तुमी जेवत नाही."

मी म्हटलं, "तुमाले कोणं सांगतलं?"

"लुगडं तेच आहे, मीच विकलं होतं. निऱ्या वाढल्या तुमच्या."

मंग आपला डबा सोडला अन् अर्धा माझ्यापुढं सारला. भाकर अन् वांग्याची भाजी होती, त्याइनंच केलेली, तिखट बहुत. पुढच्या बाजाराले मी डबा नेला. असे दोन वर्षं आमी बाजारात जेवलो, सगळ्याइच्या समोर. हप्त्यातल्या त्या एका दिवशी मले भूक लागे. यंदा दिवाळीच्या बाजारात गठ्ठा बांधताना ते म्हणाले, "रोज बाजार भरला असता तर बरं झालं असतं."

मी म्हटलं, "मंग भरवा."

एवढंच बोलणं झालं. घरी येताना मले कळलं मी काय बोलून बसली.

बाबाचा फोटो माझ्यासंग येईल. त्याइनं स्वतःच विचारलं केवढा आहे म्हणून. त्याइच्या बायकोच्या फोटोच्या बाजूले खिळा ठोकून ठेवला आहे.

तू सेवा केली असतीस, हे मले ठाऊक आहे. भंडाऱ्याले आणलंही असतंस. पण मले पडून राहायले जागा नको होती, मोनिका. सामने बसून जेवायले माणूस पाहिजे होता.

शिवणं होत नसेल तर कापड परत पाठव. मी राग मानणार नाही. पाठीचं माप नाहीच.

आई

*

भंडारा
६ जानेवारी २००४

ती. आईस नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र आल्यावर मला बरेच दिवस मशीनवर बसवत नव्हतं. दोन घास घेतले की निऱ्यांचं आठवायचं.

मग एक दिवस कापड कापायला घेतलं. पुढचे भाग कापले, बाह्या कापल्या आणि थांबले. पाठीशिवाय ब्लाउज होत नाही. तुकडे तसेच पडून होते. सासूबाईंनी पाहिलं आणि विचारलं, "कोणाचं आहे?" मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्या उठून गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात कोणी नव्हतं. त्या आत आल्या, दार लोटलं आणि माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

"घे माप," म्हणाल्या. "तुझ्या मायची अन् माझी पाठ एकसारखी आहे. तुमच्या लग्नात आमी विहिणी गळ्यात पडलो होतो. माझ्या हातात आहे अंदाज."

मी माप घेतलं. पाठ आता दोन बोटं कमी धरायला त्यांनीच सांगितलं. कच्चा शिवून झाल्यावर त्यांच्याच अंगात घातला. पुढून हुक लागत नव्हते, पदर धरून त्या आरशासमोर तिरप्या उभ्या राहिल्या, पाठ दिसावी म्हणून. बाहेर पितळेची भांडी ठोकत होते, तो आवाज येत होता आणि थांबत होता. दुपारचं ऊन आरशावर पडून खोलीभर पसरलं होतं. त्यात त्या पाठमोऱ्या इतक्या वेगळ्या दिसत होत्या की मला क्षणभर कळेना, ही तू आहेस, की त्या, की मी कधी न पाहिलेली कोणी तरुण बाई. कितीतरी वेळ त्या हलल्या नाहीत. मला वाटलं, रडतील.

त्या म्हणाल्या, "मागचा गळा मोठा ठेवू नको. नदीवर हवा लागते."

ब्लाउज काढून हातात देताना म्हणाल्या, "मले पिवळा चांगला दिसे."

आई, ब्लाउज तयार आहे. दोन्ही कुशींना आतून कापड सोडलं आहे. अंग भरलं की उसवून मोठा करता येईल. भरू दे.

मी मात्र लग्नाला येणार नाही. अंकुशनं अडवलं नाही. तो म्हणाला, 'तुझी आई आहे, तू ठरव.' तूही कारण विचारू नको. बाबांच्या जागी दुसरं माणूस उभं राहिलेलं पाहायला मला अजून जमत नाही. शिवताना जमलं, पाहताना जमणार नाही. ब्लाउज कोणाच्या तरी हाती पवनीला पोचता करते.

मोनिका

*

पवनी
१ फेब्रुवारी २००४

मोनिका,

लग्न झालं. कसं झालं ते सांगते, म्हणजे तुले दुसऱ्याकडून ऐकायले नको.

सकाळी धुकं इतकं होतं की नदी दिसतच नव्हती. घाटाच्या पायऱ्या खाली उतरत जात, अन् मंग काही नाही, नुसतं पांढरं. मी मागाच्या खोलीत बसली होती. तुझा ब्लाउज आला नव्हता. जुना घालून बसली होती, पदरानं झाकून. मनात म्हटलं, नाही आला तर नाही.

तेवढ्यात दारात दुर्गाबाई. हातात कापडी पिशवी, चपला धुळीनं भरलेल्या.

मी उभी राहिली. त्या म्हणाल्या, "अड्याळच्या मारुतीले जाऊन येतो म्हणून निघाली घरून. बस पुढं निघून आली."

दार लावून त्याइनं मले ब्लाउज घातला. हुक त्याइनंच लावले. मंग मले फिरवलं अन् पाठीवरून हात फिरवला, वरून खाली, एकदाच. म्हणाल्या, "सुरकुती नाही कुठं. पोरीचा हात चांगला आहे." मागावर अर्धं विणलेलं लुगडं होतं, त्याच्या धाग्यांतून खिडकीचा उजेड येत होता. मले वाटलं मी अजून त्या सपनातच आहे, आता कोंबडी येईल अन् जाग येईल. पण दुर्गाबाईचा हात थंड होता अन् खरा होता.

देवळापर्यंत आमी चालत गेलो. धुक्यात पुढचं माणूस दिसे, त्याच्या पुढचं नाही. त्याच दिवशी झेंडावंदन होतं, तर शाळेच्या पोरी फेरी काढून घाटावरून गेल्या, जय म्हणत. भटजी मंगलाष्टकं थांबवून उभे राहिले. त्या गेल्यावर पुन्हा सुरू केली. दिवसाचे साडेदहा झाले होते. कोणी दार लोटलं नव्हतं. येणारी जाणारी माणसं थांबून पाहत होती, अन् मी मान खाली घातली नाही. अक्षता पडल्या तवा धुकं उठलं अन् नदी दिसली, एकदम, एवढी मोठी.

जेवताना ते माझ्या पानाकडे पाहत होते. मी दोनदा भात घेतला.

तुझी वाट पाहिली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. धुक्यातून कोणी बाई वर चढून आली की माझी मान वळे. पण राग नाही.

दुर्गाबाई सांजच्या बसनं गेल्या. बसमध्ये चढताना म्हणाल्या, "विहीणबाई, बरं झालं. मलेही कुठं जायले गाव नव्हतं."

आई

*

भंडारा
९ फेब्रुवारी २००४

आई,

सासूबाई त्या दिवशी परत आल्या आणि जेवताना अंकुशला सांगत होत्या, मारुतीच्या देवळात कशी गर्दी होती, जिलबी कशी गरम होती. अंकुश म्हणाला, "आई, देवळात जिलबी कधीपासून वाटायला लागले?" त्या पानात वाकून जेवत राहिल्या. तो हसत बसला. ब्लाउज त्या घेऊन गेल्या हे त्याला सुरुवातीपासून माहीत होतं. दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायला त्यांनी मला दिलाच नव्हता.

अंकुश कामावर गेल्यावर मी त्यांना एकच विचारलं, "जेवली का ती?"

"दोनदा भात घेतला."

मी मोरीवर जाऊन तोंड धुऊन आले.

तेव्हापासून मी रोज दुपारी त्यांना काही ना काही विचारते. नदी केवढी दिसली, माग कुठं आहेत, खिडकी कोणत्या बाजूला आहे. त्या सांगतात. ऐकता ऐकता मशीन थांबते आणि गिऱ्हाईक उभं राहतं. आता ऐकून भागत नाही, आई. पाहावं वाटतं. महाशिवरात्रीला दुकान बंद ठेवते. सासूबाई येणार आहेतच, त्यांनी पिशवी आजच भरून ठेवली आहे.

पवनीला मी लहानपणी कधी आले असेन, काही आठवत नाही. स्टँडवर उतरून घर कोणाचं म्हणून विचारू? माहेर म्हटलं तर लोक वडिलांचं नाव विचारतील. आता ज्यांचं घर आहे त्यांचं नाव घ्यायला गेलं तर अजून जीभ अडते. एकटीच असताना म्हणून पाहिलं, तरी अडली. काय म्हणू ते लिहून पाठव.

तुझी
मोनिका

*

पवनी
१३ फेब्रुवारी २००४

मोनिका,

तुझं पत्र मी त्याइले वाचून दाखवलं. जीभ अडते तेही वाचलं. ते म्हणाले, "नावाची घाई नाही. तिले म्हणा, आधी जेव."

भंडाऱ्याची पहिली गाडी सकाळी येते, मंग दुपारी एक आहे. कोणत्या गाडीनं येशील ते कळवू नको, पत्र पोचणार नाही. दुर्गाबाईले खिडकीपाशी बसव, त्याइले गाडी लागते.

अन् घर कोणाचं म्हणून कोणालेच विचारू नको. तू उतर फक्त. त्या दिवशी मी सकाळपासून स्टँडवर उभी आहे.

आई